एका ठिपक्यात टेकडी

पाणीखात्याच्या सर्व्हरखोलीत नवी मेमरी बसवली, त्या दिवशी बघूया-साहेबांनी सगळ्या मजल्याला चहा पाजला. साहेबांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते पाटीपुरतंच. रजा मागा, खुर्ची मोडली म्हणा, छत गळतंय म्हणून सांगा, साहेब मान डोलावून म्हणायचे, "बघूया." त्या दिवशी मात्र छाती फुगवून म्हणाले, "चौपट मेमरी दिलीय म्हाताऱ्याला. आता कसा धावत नाही तेच पाहतो."

म्हातारा म्हणजे एक जुना प्रोग्राम. शहरातले सगळे पाइप, टाक्या आणि व्हॉल्व्ह यांचा नकाशा पोटात घेऊन तो दर आठवड्याला हिशेब करायचा, की कुठला व्हॉल्व्ह केव्हा आणि किती उघडला म्हणजे कुठे किती दाबाने पाणी पोचेल. तो लिहिणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. त्याला जी जुनी सिस्टीम लागायची ती नव्या यंत्रांवर चढेना. म्हणून सर्व्हरखोली सांभाळणाऱ्या बाईने नव्या सर्व्हरच्या आत एक व्हर्च्युअल मशीन मांडून दिली होती. वेगळं यंत्र नाही, काही नाही, सगळा मांडणीचा खेळ. पण म्हाताऱ्याला वाटावं, आपण आपल्या जुन्या घरातच बसलोय.

ह्या बाईला खात्यात सगळे ताई म्हणत. एकदा तिच्या धाकट्या भावाने ऑफिसच्या फोनवर "ताईला द्या" असं सांगितलं, आणि तेव्हापासून शिपायापासून साहेबांपर्यंत ती सगळ्यांची ताई झाली.

ताईने चहाला हात लावायच्या आधीच सांगून टाकलं, "साहेब, सोळा जीबी दिली काय नि साठ दिली काय, म्हाताऱ्याला चारच्या पुढचं दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे? बसवली ना आपण?"

"बसवली. पण मेमरीतल्या प्रत्येक जागेला पत्ता लागतो. ही सिस्टीम पत्ता लिहिते बत्तीस खणांत. तेवढ्या खणांत चार जीबीपर्यंतचेच पत्ते मावतात. समजा, पाकिटावर चारच आकडे लिहायला जागा आहे. मग दहा हजार नंबरच्या घरी पत्र कसं जाणार? घर आहे, घरात माणसं आहेत, पण पत्ताच लिहिता येत नाही."

"मग खण वाढवा."

"ते त्याच्या हाडातच आहे, साहेब."

साहेबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बघूया."

तरी ताईने हातपाय हलवले. त्या चारांतली अर्धी मेमरी सिस्टीम स्वतःसाठी राखून ठेवायची आणि अर्धीच प्रोग्रामला द्यायची. ताईने मांडणीतली एक ओळ बदलली, प्रोग्रामच्या कपाळावर एक खूण केली, आणि तीन वाटे म्हाताऱ्याच्या ताटात, एक सिस्टीमच्या, अशी वाटणी करून दिली. म्हातारा उठून बसला. विकत आणलेली जादा मेमरी तशीच पडून राहिली. पुढच्या बैठकीत साहेबांनी सांगितलं, मेमरी वाढवल्यामुळे प्रश्न सुटला, आणि टाळ्या घेतल्या. ताईला त्याचं काही वाटलं नाही. काम झालं होतं.

त्याच सुमाराला ताईचा धाकटा भाऊ टेकडीवर जागा बघत होता. शहराच्या कडेला एक टेकडी होती. पायथ्याला जुनी घरं आणि वर नवी वस्ती उठलेली. धाकट्याला लाँड्री काढायची होती. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, असं मोठ्या कपड्यांचं काम. वरती वारा होता, ऊन होतं आणि वाळत घालायला मोकळी गच्ची होती.

"ताई, वर पाणी चढेल ना? तुझ्या खात्याचं मी ऐकत नाही, तुझं ऐकतो."

ताईने म्हाताऱ्याला विचारलं. टेकडीच्या डोक्यावरसुद्धा दाब भरपूर होता. ती म्हणाली, "डोळे झाकून घे."

त्याने घेतली. खाली लाँड्री, वर राहायच्या खोल्या. आई त्याच्याकडेच राहायची, तीही गेली. भावजय इस्त्रीला अशी काही बसली की तिच्या हातची घडी बघून दवाखान्याच्या मेट्रनने दुसऱ्या दवाखान्याचं काम मिळवून दिलं. ताई सुट्टीच्या दिवशी वर जायची, तेव्हा गच्चीवर पांढऱ्या चादरी फडफडत असायच्या आणि आई खुर्ची टाकून चिमटे मोजत बसलेली असायची. कोणाची दृष्ट लागावी असं काही नव्हतं, पण घर हसतं होतं.

शहर मात्र फुगत चाललं होतं. नव्या इमारती उठल्या, नव्या जोडण्या आल्या, आणि प्रत्येक जोडणी म्हाताऱ्याच्या नकाशात एक नवा ठिपका. एका सकाळी हिशेबाच्या मध्यावर म्हातारा आडवा झाला. पुन्हा उठवला, पुन्हा त्याच जागी आडवा. तीन वाटेही भरले होते आणि चौथा मागायची सोय नव्हती. सिस्टीमच्या तोंडचा घास काढला असता तर दोघंही मेले असते.

ताई साहेबांकडे गेली. "आता नवा प्रोग्रामच हवा. दुसरा इलाज नाही."

"वर पाठवलंय मी. येईल. तोवर काय करायचं ते बोला."

"तोवर नकाशा कमी करावा लागेल. एखादी वस्ती घ्यायची, तिचे हजारो ठिपके पुसायचे आणि त्यांच्या जागी एकच ठिपका ठेवायचा. म्हणजे म्हाताऱ्याला वाटेल, तिथे एकच मोठं घर आहे आणि ते सगळं पाणी पितंय."

"छान! करून टाका."

"कुठली वस्ती?"

साहेबांनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. "दवाखान्यांचा भाग नको. बाजार नको, व्यापारी डोकं खातील. आपली अधिकाऱ्यांची कॉलनी तर नकोच नको. तुम्हीच ठरवा ताई. मात्र कोणी दार ठोठावत येणार नाही, असं बघा."

खरं तर अधिकाऱ्यांची कॉलनी ह्या कामाला सगळ्यांत सोयीची होती. सपाट जमीन, टाकीच्या पायाशी वसलेली. हिशेबात तिचा एक ठिपका केला असता तरी पाण्याच्या थेंबाचा फरक पडला नसता. पण तिला हात लावायचा नव्हता. उरलेल्यांत सगळ्यांत जास्त ठिपके टेकडीवर होते. ती वस्ती पुसली की म्हातारा सहज श्वास घेणार होता. ताईच्या मनात एकदा आलं, दुसरं काहीतरी शोधावं. आणि लगेच दुसरं आलं, की उद्या कोणी म्हणेल, हिने आपल्या भावाला वाचवलं आणि दुसऱ्याच्या घरावर फुली मारली. साऱ्या नोकरीत तिच्याकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं. त्या न दाखवलेल्या बोटाला ती भ्यायली.

तिने टेकडी पुसली.

आता त्या एकुलत्या ठिपक्याला उंची द्यायची होती. तिने आधी टेकडीच्या माथ्याची उंची दिली. म्हाताऱ्याने उत्तर दिलं नाही. एवढं सगळं पाणी एवढ्या उंचावर चढवायला टाकी पुरत नाही, म्हणून त्याने साऱ्या शहराचाच हिशेब सोडून दिला. तिने उंची थोडी खाली आणली. तरी नाही. असं करत करत ती अर्ध्या टेकडीच्याही खाली उतरली, तेव्हा कुठे उत्तर आलं. तिला पुरतं ठाऊक होतं की त्या उंचीच्या वरचं आता म्हाताऱ्याच्या लेखी काहीच नाही. तिने साहेबांना तसं सांगितलंही.

"तात्पुरतं आहे हो," साहेब म्हणाले. "आणि पाणी काय तुमचा नकाशा वाचून चढतं का?"

ते खरं असावं असं तिला फार वाटत होतं. संध्याकाळी तिने धाकट्याला फोन करून म्हटलं, "एखादी मोठी टाकी घेऊन ठेव, काही दिवस पाणी कमी येईल." का, ते तिने सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. टाकी घेतली.

टाकी भरायला तरी पाणी लागतं. व्हॉल्व्ह नव्या हिशेबाने उघडू लागले तशी माथ्यावरची धार करंगळीएवढी झाली, मग नळ नुसता खाकरायला लागला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? धाकट्याने टँकर मागवले. ते चढावर अडकायचे, उशिरा यायचे. चादरी साबणात भिजून पडायच्या आणि त्यांना कुबट वास धरायचा. मेट्रनने एकदा सांभाळून घेतलं, दुसऱ्यांदा तोंड फिरवलं. हॉटेलवाल्यांनी तर तेवढंही केलं नाही. आई पायथ्याच्या नळावरून दोन-दोन बाटल्या भरून आणायची. "मी कशी गप्प बसू? माझेही हात आहेत," म्हणायची.

शेवटी धाकटा खात्यात आला. तो काही ताईकडे आला नाही, तक्रार घेऊन सरळ साहेबांच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं, सगळ्या मजल्याला ऐकू जात होतं.

"तुमच्याकडे पाणी पोचतंय," साहेब सांगत होते. "हे बघा ना, कॉम्प्युटर खोटं बोलेल का? ही तुमची टेकडी. हिरवा रंग म्हणजे दाब उत्तम. तुमच्या घरातले पाइप तपासून घ्या."

"ह्यात माझं घर कुठंय?"

"अं?"

"बाजारातलं एकेक दुकान दिसतंय ह्यात. माझं घर दाखवा."

साहेबांनी माउस इकडे-तिकडे फिरवला आणि हाक मारली, "ताई, जरा येता का? ह्या गृहस्थांना समजावून सांगा."

ताई दारात येऊन उभी राहिली. साहेबांना ठाऊक नव्हतं की हे गृहस्थ तिचे कोण. धाकट्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला जरा धीर आल्यासारखा दिसला. तेच तिला सगळ्यांत लागलं.

"सांग गं ताई. आपलं घर कुठंय ह्यात?"

"ह्या ठिपक्यात आहे."

"सगळी टेकडी?"

"सगळी. प्रोग्रामला तेवढं सगळं मावत नव्हतं, म्हणून एकत्र केली."

"आणि ही उंची?"

"अर्ध्याच्या खालची."

त्याने पडद्यावरच्या त्या आकड्यावर बोट टेकवलं. त्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण चढ कळत होता. रोज चढत होता तो.

"कोणी केलं हे?"

साहेब मधे पडले, "हे बघा, ही खात्याची तांत्रिक बाब..."

"मी केलं," ताई म्हणाली.

धाकटा ओरडला तो साहेबांवर. टेबलावर हात आपटला, खात्याचा उद्धार केला, वर्तमानपत्रात जाईन म्हणाला. मग दारातल्या ताईला वळसा घालून बाहेर पडला. जिन्याने उतरताना शिपायाने पाणी पुढे केलं, ते त्याने घेतलं नाही.

ताईने त्यानंतर काय केलं, तर आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. आधी रीतसर लिहून दिलं, की टेकडी पूर्ववत करावी आणि तिच्याऐवजी अधिकाऱ्यांची कॉलनी एकत्र करावी; सपाट असल्याने तिथे काहीही त्रास होणार नाही. साहेब "बघूया" म्हणाले, आणि तो बघूया कसला आहे हे तिला त्यांच्या चष्मा पुसण्यावरून कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब बैठकीला गेले असताना तिने सर्व्हरखोलीत बसून कॉलनीचे ठिपके पुसले, एक ठिपका ठेवला, आणि टेकडी घराघरासकट जागेवर आणली. म्हाताऱ्याने मुकाट्याने हिशेब केला आणि सगळं शहर हिरवं दाखवलं.

नवे आकडे व्हॉल्व्हवर गेले आणि टेकडीच्या माथ्यावर पाणी आलं. कॉलनीत कुणाला काही कळलंसुद्धा नाही. बागांचे फवारे उडत होते तसेच उडत राहिले.

आईचा फोन आला. आवाजातून आनंद सांडत होता. "अगं, आलं पाणी! धो धो आलं. तुझ्या भावाने असा काही दम भरला तुझ्या साहेबाला, की आठवड्यात सुतासारखा सरळ झाला. कोणीतरी भांडावंच लागतं बाई. तुझ्यासारखं मान खाली घालून काही होत नाही."

ताईच्या ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर धाकट्याने ते चार जणांना सांगितलं असतं, आणि चोरून केलेलं काम उघड्यावर आलं असतं. शिवाय भाऊ जिंकल्यासारखा बोलत होता, मागून त्याचं हसणं ऐकू येत होतं. ती म्हणाली, "हो ना. बरं केलं त्याने."

धाकट्याने पुन्हा कपडे आणले. मेट्रनच्या हातापाया पडून एका दवाखान्याचं काम परत मिळवलं. भावजयीने इस्त्री तापवली. काही दिवस असे बरे गेले.

मग मोठ्या साहेबांनी, म्हणजे खात्याच्या मुख्य अधिकाऱ्यांनी, आपल्या खोलीत भिंतभर पडदा लावून घेतला. बाहेरून पाहुणे आले होते. त्यांना शहराचा नकाशा दाखवता दाखवता मोठे साहेब म्हणाले, "आता तुम्हाला माझंच घर दाखवतो. अगदी बागेतला नळसुद्धा दिसतो." आणि कॉलनीवर बोट ठेवलं. तिथे एक हिरवा ठिपका होता.

पाहुणे गेल्यावर बघूया-साहेब आणि ताई दोघांना बोलावणं आलं. बघूया-साहेबांनी खोलीत शिरायच्या आधीच हात झटकले होते. ताईने परस्पर केलं, मला पत्ता नाही. ते खोटंही नव्हतं.

"माझं घर कुठंय?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

ताईने शांतपणे समजावून सांगितलं. पत्त्याचे खण, चार जीबी, सपाट जमीन, सगळं. मग विचारलं, "साहेब, तुमच्या घरी पाणी कमी आलं का?"

"पाण्याचा प्रश्नच नाहीये!" मोठे साहेब म्हणाले. "तुम्ही मला नकाशातून काढलंत. कोणाला विचारून?"

तिने लिहून मागितलं होतं, पण होकार मिळाला नव्हता. पालथ्या घड्यावर आणखी पाणी ओतायचं तिने सोडलं.

शिक्षा मोठी नव्हती. नोकरी गेली नाही. तिची बदली तक्रारखिडकीत झाली, एवढंच. मात्र सर्व्हरखोलीची किल्ली देण्याआधी तिने आपलं काम आपल्याच हाताने उलटं करावं, असा हुकूम निघाला. साहेब मागे उभे राहिले आणि ताईने कॉलनी घराघरासकट, बागेतल्या नळांसकट परत मांडली. मग टेकडी पुसली. उंची पुन्हा खालून वर चढवत नेली, शक्य तितकी. साहेब घड्याळ बघत होते. पहिल्यापेक्षा थोडी वर जमली. माथा तरीही वरच राहिला.

सुट्टीच्या दिवशी ती टेकडीवर गेली. दार भावजयीने उघडलं. ती नुसती बाजूला झाली. धाकटा मशीनचा मागचा पत्रा काढून बसला होता, विकायला न्यायची म्हणून.

"शिपाई भेटला होता," तो वर न बघता म्हणाला. "म्हणे, ताईनेच परत ठिपका केला. मी तुझ्या साहेबासमोर तुझी अब्रू घालवली, त्याचा राग काढलास का?"

मग ताईने सगळं सांगितलं. मधल्या दिवसांत पाणी का आलं, कॉलनीचं काय केलं, मोठे साहेब काय म्हणाले, बदली कशी झाली. तिला वाटलं होतं, हे ऐकल्यावर तो निदान मान वर करेल. त्याने केली.

"म्हणजे मी भांडून आणलं म्हणत होतो, ते तू आणलं होतंस."

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस. मी मूर्खासारखा मेट्रनच्या पाया पडलो. परत काम घेतलं, परत तिला तोंडघशी पाडलं. मला माहीत असतं की हे चोरीचं पाणी आहे, तर मी एक चादर उचलली नसती."

"मला वाटलं, तेवढ्यात नवा प्रोग्राम येईल."

"पाणी काढलंस तेव्हा सांगितलं नाहीस, आणलंस तेव्हाही नाही," धाकटा म्हणाला. "तुझा सगळा कारभार तुझ्यापाशी. आम्ही नुसते नळ उघडून बघायचे."

आई आतून म्हणाली, "पुरे आता." कोणाला म्हणाली, ते ताईला कळलं नाही.

महिनाअखेरीला ते गेले. भावजयीच्या माहेरच्या गावी, तिच्या भावाच्या ओळखीने धाकट्याला एका कारखान्यात काम मिळालं. सामान चढवायला ताई गेली होती, पण तिने उचललेलं खोकं धाकट्याने तिच्या हातातून घेतलं. रागाने नाही, परक्या माणसाला त्रास नको म्हणून घेतात, तसं. आईने जाताना तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जेवत जा वेळेवर."

नवा प्रोग्राम नंतर आला. त्याच्या पत्त्याला चौसष्ट खण आहेत. सगळं शहर त्यात मावतं, अजून अशी कित्येक शहरं मावतील. टेकडी पुन्हा घराघरासकट दिसते आणि माथ्यावर पाणी येतं. उद्घाटनाला बघूया-साहेब पुढच्या रांगेत होते. ताईला कोणी बोलावलं नाही, आणि तिला जायचंही नव्हतं.

तक्रारखिडकीत तिला एक छापील वाक्य दिलं आहे: आमच्या नोंदीप्रमाणे आपल्या भागात पाणीपुरवठा सुरळीत आहे. ती ते म्हणत नाही. घराचा नंबर विचारते, पायऱ्या किती, नळ कुठल्या मजल्यावर, आणि लिहून घेते. त्यामुळे तिची रांग सगळ्यांत हळू सरकते आणि लोक तिच्यावरच खेकसतात.

आई कधीमधी फोन करते. धाकटा शेजारच्याच खोलीत असतो, बोलायला येत नाही. परवा ताईने विचारलं, "तिकडे पाण्याचं कसं आहे गं?"

"भरपूर आहे," आई म्हणाली. "दिवसभर असतं. इथल्या खात्यात आपलं कोणी नाही ना, म्हणून असेल." मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती घाईघाईने हवापाण्याचं बोलू लागली, भावजयीच्या गुडघ्याचं बोलू लागली. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि गुडघ्यासाठी कुठलं मलम चांगलं ते सांगितलं.